पदवीचा पहिला नाच

प्रिय वाल्देनीरदादा,

"माल्टा झालं, व्हिएतनाम झालं, आता तो कुठे खेळतो?" आईने असं विचारलं की मी विषय बदलायचे. फुटबॉल क्लबने तुला काढल्याचं तुझ्या मित्राकडून कळलंय. तू मात्र, सामने आहेत, ब्राझीलला येता येणार नाही, म्हणालास.

पदवी समारंभात मुलीने जोडीचा पहिला नाच, वॉल्ट्झ, वडिलांबरोबर नाचायचा. बाबा गेल्यानंतर माझ्या समारंभात ती जागा तुझी होती.

"चल, मी नाचतो," ओतासिल्युमामा म्हणाला. "आपला बचावपटू तिकडे चेंडू मैदानाबाहेर मारतोय!"

मी आईलाच नाचायला ओढलं. नाचता नाचता तिला खरं सांगितलं.

ती नाचायची थांबली नाही. "मग घरी यायला मोकळाच आहे की! लाजतोय कशाला, गाढव?"

हे पत्र मी टाकत नाही. तिलाच तुझा फोन लावून दिलाय.

तुझी,
ज्युसारा