पंधरा दिवसांच्या आत उत्तर

६ मे १९७४
पार्टी सेक्रेटरी विराग यांनी अग्रलेखातला एकच शब्द खोडला! कारखान्याच्या युनियनचं साप्ताहिक चालवतोय त्याला एकोणीस वर्षं झाली, असं फक्त दोनदा घडलंय. पिरोश्काला कौतुकानं सांगितलं, तर म्हणे, "म्हणजे खोडण्यासारखं काही लिहिलंच नसशील!" बायकोपुढे संपादकाचं काय चालणार? कोंबडीचा रस्सा मात्र फर्मास होता.

९ मे
शिवणखात्यातल्या चोर्दाशबाईंचं पत्र. हातानं लिहिलेलं, चार पानी. बूट कारखान्यात चौदा वर्षं झाली, पण बालाटन तळ्याकाठचं युनियनचं सुट्टीघर एकदाही वाट्याला आलेलं नाही. त्यांचे खातेप्रमुख केलेमेन पाच वेळा सहकुटुंब जाऊन आले! शेवटी लिहिलंय: "नाव छापू नका. मला याच माणसाच्या हाताखाली काम करायचंय."
विराग काय म्हणतील कोण जाणे. पण छापणारच.

१३ मे
विराग यांच्यासमोर तासभर बसलो. त्यांच्यासाठी बिननावाची प्रत टाइप करून नेली होती. दोनदा वाचली. मग म्हणाले, "नाव नाही ना? मग छापा. टीकेला जागा द्या असं वरूनच आलंय." जिना उतरताना चक्क शीळ घालत होतो — वयाच्या चोपन्नाव्या वर्षी!

१६ मे
अंक निघाला. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये लोक मोठ्यानं वाचत होते. चोर्दाशबाई लांबून हसल्या, ओळख न दाखवता. मी बूट शिवणं सोडून याच कामासाठी आलो होतो.

१७ मे
नियमाप्रमाणे पत्र खुलाशासाठी केलेमेनकडे रवाना. शिक्का, सही, पंधरा दिवसांची मुदत. नियम माझाच आहे. आमच्याकडे एकही तक्रार बिनउत्तराची राहत नाही. पाच मिनिटांत उरकलं, हात आपोआप चालतो.

२४ मे
बाजारात चेरी आल्या. झोप छान लागते.

३१ मे
केलेमेनचं उत्तर आलं — मुदतीच्या आत, अगदी सभ्य. कामगारांच्या टीकेचं स्वागत आहे म्हणे. आणि कामाच्या सोयीसाठी चोर्दाशबाईंना कालपासून सोल चिकटवायच्या खात्यात हलवलंय. सरसाच्या उग्र वासानं तिथे महिनाभर कोणी टिकत नाही.
सोबत मी पाठवलेले कागद परत आलेत. टाइप केलेली प्रत नाही. चारही पानं चोर्दाशबाईंच्या हातची, खाली त्यांचं पूर्ण नाव, आणि त्याला लागून माझी सही.