खंडेनवमीच्या दिवशीची सही

गंगापूर रोड, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२५

चि. संतोष यास,

उज्वलाचा आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला, फार मनावर घेऊ नकोस.

आईची साखर आटोक्यात आहे. तुझे दाजी बरे आहेत, थंडीमुळे गुडघा तेवढा धरतो. दिशा रोज माझ्याबरोबर अंबडला कारखान्यात येते. तुझी हर्षाली बरी असेल. झाली खुशाली.

व्हॉट्सॲपवर या विषयाचं एक अक्षर लिहायचं नाही, फोनवर कुणाचं नाव घ्यायचं नाही, असं तूच मला बजावलंस. मग राहिला कागद. आज तुझं मन भरेपर्यंत वाच.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. आतलं पत्र छान टाईप केलेलं आहे. “घरगुती अडचणींमुळे आम्ही आमचे युनिट स्वेच्छेने बंद करत आहोत. स्थानिक पुरवठादारांच्या यादीतून आमचे नाव वगळण्यास आमची हरकत नाही.” खाली माझं नाव, आणि सहीपुरती जागा मोकळी. वर तुझी चिठ्ठी टाचलेली, की अक्का, चोवीस तारखेच्या बोलण्यांआधी हे हातात हवं, आणि दिशाच्या नोकरीचं मी हेलिकॉप्टरवाल्यांच्या पुण्याच्या कंपनीत बोलून ठेवलंय. वा रे वा! कारखाना माझा घालवायचा आणि माझ्याच लेकीला नोकरी द्यायची. दिशाने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, “मामाला सांग, मला पुण्याची हवा मानवत नाही.” मी तिला सौम्य शब्दांत बोलायला शिकवलं आहे. मला स्वतःला ते जमत नाही.

मागच्या आठवड्यात दिल्लीहून फोन करून तू मला तासभर मोठं चित्र समजावलंस. तो मित्रदेश वीस वर्षं ठरलेल्या भावाने गॅस देणार. समुद्रात कुठे लढाई पेटली तरी आपल्याकडे येणारी जहाजं थांबणार नाहीत. त्याच्या बदल्यात आपण त्यांची हेलिकॉप्टरं घ्यायची, आणि सुटे भागही होता होईल तेवढे त्यांचेच. इकडची जी युनिटं चालू दिसतील ती यादीत राहतील, बंद दिसतील ती निघतील. बरोबर सांगते ना?

हे मला कळत नाही असं समजू नकोस. गॅसचा पुरवठा अडला की माझी भट्टी थंड पडते, मला कोण शिकवणार गॅसची किंमत? देशाने गॅस घ्यावा, हेलिकॉप्टरंही घ्यावीत. सोयरीक जुळवताना दोन्हीकडून काहीतरी सोडावं लागतं, तेही कबूल. मग समोर येऊन सांगायचं होतंस, की अक्का, हेलिकॉप्टरच्या इंधनाच्या नळीतला तुझा व्हॉल्व्ह आम्ही या सौद्यात सोडला. मी तुला चार शिव्या घातल्या असत्या, दोन दिवस धड जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी दुसरं काम शोधायला बाहेर पडले असते. पण तुम्हाला सोडलं असं दिसायला नको होतं. कुणी विचारलं तर “नाशिकचं ते युनिट बंदच होतं हो” असं म्हणायची सोय हवी होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, संतोष.

आणि आता दिल्लीतल्याच कुठल्या समितीने विचारलं ना, की बावीस वर्षं एकदाही माल परत न आलेलं युनिट एका दिवसात बंद कसं पडलं? तेव्हा तुला बहीण आणि तिची सही आठवली.

यादीतून नाव गेल्याचं पत्र या महिन्याच्या पाच तारखेला आलं. त्या दिवसापासून आमच्या एकोणीस माणसांच्या तोंडी एकच गोष्ट आहे. ती अशी, की एक ऑक्टोबरला तुझ्याबरोबर त्या मित्रदेशाचे पाहुणे तपासणीला आले तेव्हा खंडेनवमी होती. सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली होती, लेथला झेंडूचा हार होता, हळदकुंकू वाहिलेलं होतं. दिशा वणीला गडावर गेली होती, त्यामुळे फाडफाड इंग्रजी बोलणारं घरचं कुणी नव्हतं. त्यातला पिकल्या केसांचा पाहुणा लेथजवळ थांबला आणि त्याने खुणेने विचारलं, दोन मिनिटं चालू करून दाखवता का? तर लेथवरचे आमचे जुने भिका मिस्त्री आडवे आले. “नाय साहेब. आज हत्याराला हात नाय लावायचा. उद्या या, दिवसभर चालवून दाखवतो.” उद्या कुठला यायला तो! उद्या त्याचं विमान होतं.

झालं. पोरं म्हणायला लागली, म्हाताऱ्याच्या सोवळ्यापायी एकोणीस घरं बसली. कुणी त्यांच्याशेजारी डबा उघडेना. सोमनाथ, ज्याला त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं, तो तोंडावर म्हणाला, “मिस्त्री, देव तुमचा आणि दिवाळं आमचं.” आठव्या दिवशी मिस्त्री यायचे थांबले.

परवा त्यांची कुसाबाई दारात आली. आत बोलावलं तरी आली नाही. म्हणाली, “ताई, आमच्या माणसामुळं झालं का वो हे? ते जेवत नाय, बोलत नाय. खरं काय ते तुम्ही सांगा.” मी म्हणाले, “आता होऊन गेलं कुसाबाई, कशाला उगाळायचं.” ती मान खाली घालून जिना उतरली. संतोष, मी त्या बाईशी खोटं बोलले. गप्प राहून बोलले, पण खोटंच.

कारण भिका मिस्त्री आडवे आले नव्हते. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं.

आता नीट आठव. तीस सप्टेंबरला संध्याकाळी मी तुला फोन केला होता. म्हटलं, उद्या नवमी आहे, पण पाहुणे येणार म्हणून मी दसऱ्याला पूजा करते, उद्या दोन लेथ चालू ठेवते. मिस्त्रींना विचारलं तर तेही तयार होते. “देवाला एक दिवस थांब म्हटलं तर थांबतो, ताई,” हे त्यांचं बोलणं. आणि तू काय म्हणालास? “छे छे अक्का, पूजा दणक्यात कर. पाहुण्यांना आपली संस्कृती दिसू दे. एकही मशीन चालू नको, वातावरण बिघडतं.” मी भाबडी! मखमलाबादच्या आपल्या मळ्यातला मण दीड मण झेंडू आणवला. मिस्त्रींना निक्षून सांगितलं, काहीही झालं तरी मशीनला हात लावायचा नाही, संतोषने सांगितलंय. म्हणून पाहुण्याने विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू छताकडे बघत होतास. मग मी मान हलवली, नाही म्हणून. उरलेलं मिस्त्री माझ्या वतीने बोलले. आणि दीड महिना त्यांनी कुणाला सांगितलं नाही की मान ताईंची हलली होती. बायकोलासुद्धा नाही.

पाहुणा हार बघून हसला, त्याने काहीतरी विचारलं. त्यातला “टुडे” मला कळला. आजच का, असं विचारत असणार तो. एका वाक्याचं काम होतं, संतोष. आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा असते, उद्यापासून पुन्हा धडधडाट. इंग्रजीत तुला काय अवघड होतं? तू त्याला पुढच्या खोलीकडे वळवलंस.

वर तू मला मॅडम म्हणालास. “मॅडम, धिस वे.” दाराशी आल्यापासून मॅडम. वाटलं, सरकारी रीत असेल, साहेबांसमोर अक्का कसं म्हणणार. पुरणपोळीच्या ताटाकडे तू बघितलंही नाहीस. दाजी म्हणाले, “दमला असेल.” मी पण म्हणाले, हो, दमला असेल. आता कळतंय. युनिट आपल्या बहिणीचं आहे हे तू तुझ्या वरिष्ठांनाही सांगितलेलं नव्हतंस, पाहुण्यांनाही नाही. आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नाही. सांगितलं असतंस तर तपासणीला तुला पाठवलंच नसतं.

आता मी टाळत होते ते लिहिते. चार पानं झाली, आणखी टाळता येणार नाही.

निघताना तू माझ्यापुढे कागद ठेवलास. हजेरीचा आहे म्हणालास. तुला वाटलं अक्काला इंग्रजी येत नाही. बोलता येत नाही रे, पण बावीस वर्षं इंग्रजी ऑर्डरी आणि ड्रॉइंगं वाचते आहे मी. त्यावर लिहिलं होतं, की भेटीच्या वेळी एकही यंत्र चालू नव्हते, युनिट उत्पादन करत असल्याचे दिसले नाही. पुढे “कारण” असा रकाना होता, आणि तो कोरा होता. मी पेन तिथे नेला. हळूच तुला विचारलं, “इथे आज खंडेनवमी आहे असं लिहू का?” तू म्हणालास, “मॅडम, फक्त सही करा.”

आणि मी केली. वाचून केली. समजून केली.

का केली? तुझे साहेब बाजूला उभे होते. तुझे कान लाल झाले होते, लहानपणी मास्तरांसमोर व्हायचे तसे. मला वाटलं, मी प्रश्न विचारला तर चार लोकांत माझ्या भावाची शोभा होईल. वाटलं, संतोष आहे ना, तो मागाहून निस्तरेल. आपल्या घरातला एक पोरगा मोठ्या टेबलाशी बसतो, याचा मला फार माज होता. त्या माजापायी मी मिस्त्रींचा बळी दिला. वर पोरांना सांगितलं की ती हजेरीची सही होती. तू मला फसवलंस हे खरंच, पण फसताना मी डोळे उघडे ठेवले होते. हे लिहिताना लाज वाटते, आणि तुझा रागही तेवढाच येतो.

काल मिस्त्रींच्या घरी गेले, आज सकाळी त्यांना घेऊन कारखान्यात आले आणि सगळ्यांना उभं करून सगळं सांगितलं. फोन, मान, सही, आणि तो साहेब माझा सख्खा भाऊ आहे, हेही. सोमनाथ मिस्त्रींच्या पाया पडायला गेला तर त्यांनी पाय मागे घेतले. मला म्हणाले, “लय उशीर केला, ताई.” उद्या कामावर याल का विचारलं, तर म्हणाले, “बघतो.” एवढंच. मला त्याहून जास्त मिळायला नको होतं.

दुपारी जीपीओत जाऊन मी एक पाकीट रजिस्टर केलं. त्या समितीच्या नावाने. तुझं टाईप केलेलं पत्र त्यात आहे, कोरं, बिनसहीचं. तुझी चिठ्ठी आहे. माझं पत्र मी मराठीत लिहिलं, दिशाने इंग्रजी करून जोडलं. सप्टेंबर-ऑक्टोबरची वीजबिलं आहेत, एका दिवसात बंद पडलेलं युनिट एवढी वीज कशी खातं ते त्यांनीच ठरवावं. त्या कोऱ्या रकान्यातलं कारण लिहिलं. भिका मिस्त्रींनी माझ्या सांगण्यावरून नकार दिला, हे लिहिलं. वाचून सही केली, हेही लिहिलं. त्याने माझीच बाजू लंगडी होते, असं दिशा म्हणाली. होऊ दे.

यातून माझं नाव यादीत परत येईल असं नाही. तुमची बोलणी व्हायची ती होतील, गॅस यायचा तो येईल, येऊ दे. पण तुझी खुर्ची हलेल. हे माहीत असून मी ते पाकीट खिडकीतून आत सरकवलं, आणि पावती मिळेपर्यंत तिथेच थांबले.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिला फोन करून तू सांग. तेवढी हिंमत कर. मी सांगितलं तर ती मलाच बोलेल, तिचा जीव तुझ्यात अडकलेला आहे. मला फोन करू नकोस. विचारायचं असेल ते समितीपुढे विचार, मी बोलावतील तेव्हा येईन. तिथे मला काय हाक मारायची याचा प्रश्न आता तुला पडणार नाही. समितीला पाठवलेल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत मी तुझी कोण ते लिहून दिलं आहे, आणि खाली सही केली आहे.

तुझी सख्खी थोरली बहीण,
उज्वला