मंगळवारची परीक्षा

१४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मामांना,
ठमीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे आणि तोंड दोन्ही चालू आहेत, म्हणजे गुडघे कमी आणि तोंड जास्त. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. प्लंबर म्हणतो वायसर बदला, मागच्या वेळीही हेच म्हणाला होता. आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये नवी बॅच आलीय. पोरं हुशार आहेत, पण 'सर, सर' इतकं करतात की मुद्द्यावर येईपर्यंत विमान उतरून जाईल. तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी त्यांची पिसं काढली असतीत.

फोन सोडून पत्र कसलं लिहितेस, असं तुम्ही म्हणाल. सांगते. आधी थोडं मागचं बोलू द्या.

मार्चमध्ये तुमची वैमानिकाची सहामाही परीक्षा मी घेतली. भाचीने मामाची परीक्षा घेऊ नये, असं मी वरिष्ठांना सांगून पाहिलं होतं. ते हसले. म्हणाले, "त्यांची कसली परीक्षा? चहा प्यायचा आणि सही करायची." सिम्युलेटरला तुम्ही नेहमी खोटं विमान म्हणायचात, यात पडलं तरी घरी जेवायला जाता येतं म्हणायचात. त्या खोट्या विमानात मी खोटं धुकं टाकलं. ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर विमान परत वर घ्यायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. धावपट्टी दिसली नाही, आणि तुम्ही खाली जात राहिलात. शेजारचा को-पायलट काही नवखा नव्हता, दोन मुलांचा बाप आहे. तो म्हणाला, "सर, जरा बघता का?" मग म्हणाला, "धुकं बरंच आहे, नाही सर?" तेवढ्यात आपण जमिनीत गेलो आणि समोरचा पडदा लाल झाला. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "ठमे, धुकं टाकणार होतीस ना? टाक की."

मी हसले. मला वाटलं, थट्टा करताय.

पुन्हा संधी दिली. त्या वेळी चाकं बाहेर काढायचीच राहिली. को-पायलटने एक अक्षर न बोलता हात लांब करून दांडा खाली ओढला. जेवताना न मागता कुणी मीठ पुढे करावं, इतक्या सवयीने.

बाहेर आल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "हे केव्हापासून?" तो म्हणाला, "वर्ष झालं असेल, मॅडम. आम्ही सगळेच सांभाळून घेतो. सरांनी आम्हाला घडवलंय. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, कशाला उगाच..." मी म्हटलं, "आणि मागे बसलेली माणसं? त्यांना कोण सांभाळून घेणार?" मी त्याला नको नको ते बोलले. त्याला घरी बसवा, असंही वर लिहून दिलं.

माणसाच्या चुकांवरचा तास तुम्हीच घ्यायचात, मामा. "चूक होणारच, लेको. शेजारचा तोंड शिवून बसला की तिचा अपघात होतो." पहिल्या बाकावर बसून ज्यांनी हे ऐकलं, तीच माणसं तुमच्या शेजारी तोंड शिवून बसली. भीतीने नाही, मायेने. घरी मामीही तेच करत होत्या. तुम्ही दोनदा घेतलेली गोळी त्या तिसऱ्यांदा घेऊ देत नव्हत्या, आणि कुणाजवळ बोलत नव्हत्या.

मी तुम्हाला नापास केलं. पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. त्या आजाराचं नाव मामी अजून घेत नाहीत. नापास केलं त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, ठमे." मला वाटलं, आता हा माणूस जन्मात माझं तोंड बघणार नाही. तो राग मला चालला असता. खरंच सांगते, जन्मभर चालला असता.

आठवड्याने तुमचा फोन आला, अगदी मजेत. "काय गं, या वेळी माझी परीक्षा तू घेणार म्हणे? कधी आहे?"

मी खरं ते सांगितलं. तुम्ही फोन ठेवला आणि लहान मुलासारखे रडलात, असं मामी म्हणाल्या. चार दिवसांनी पुन्हा फोन, तसाच मजेत. मी पुन्हा सांगितलं, तुम्ही पुन्हा रडलात. तिसऱ्यांदा माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "मंगळवारी आहे, मामा." तुम्ही खूश झालात. मामी म्हणाल्या, किती दिवसांनी पोटभर जेवले. मग दर वेळी मंगळवार. मंगळवार येईपर्यंत तुम्ही विसरून जाल, असं आम्ही दोघी धरून चाललो.

गेल्या मंगळवारी तुम्ही विसरला नाहीत.

मामी आंघोळीला गेल्या होत्या. तुम्ही गणवेश चढवला, गाडी काढली आणि विमानतळाचा रस्ता धरलात. उलट्या बाजूने. समोरून स्कूटरवर येणारी एक बाई तुम्हाला चुकवताना पडली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. घरी तिचं तान्हं मूल आहे. तुम्ही थांबला नाहीत, कारण तुम्हाला ती दिसलीच नाही. आमच्या सेंटरच्या गेटवरच्या रखवालदाराने तुम्हाला सलाम ठोकला, खुर्ची दिली आणि मला फोन केला. मी धावत आले तर तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, "उशीर केलास. चल, सुरुवात करू."

त्या को-पायलटला मी ज्यावरून फाडून खाल्लं, तेच मी इतके महिने करत आले. तो निदान शेजारी बसलेला असायचा. मी फोनवरून करत होते.

त्या बाईला भेटायला मी इस्पितळात गेले. ती म्हणाली, "म्हातारे गृहस्थ होते, घरच्यांना कळायला नको?"

फोनवर मला जमत नाही. तुमचा आवाज ऐकला की मंगळवारच तोंडात येतो. म्हणून हे लिहून ठेवते. मामींना सांगितलंय, पत्र गणवेशाच्या खिशात ठेवा. त्या गणवेश टाकून देऊ म्हणत होत्या, मीच नको म्हटलं. तो घालाल तेव्हा हे हाताला लागेल.

मामा, तुमची परीक्षा झाली. तुम्ही नापास झालात. मी केलं. आता तुम्ही विमान चालवणार नाही, गाडीही नाही. किल्ल्या माझ्याकडे आहेत, मामींवर ओरडू नका. ओरडायचं तर मला फोन करा, मी उचलेन.

डॉक्टरांना मी विचारलं, काही सुधारेल का. त्यांनी खरं सांगितलं, म्हणून मीही तुम्हाला सांगते. नाही सुधारणार. हे पत्र तुम्ही दर वेळी पहिल्यांदाच वाचाल आणि दर वेळी तेवढंच दुखेल. त्याला माझ्याकडे इलाज नाही. वाचून झालं की गणवेश उतरवा आणि मामींना हाक मारा. त्या शेजारच्याच खोलीत आहेत.

तुम्हाला रोज नव्याने नापास करणारी,
ठमी,
म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीची मुलगी