एकसष्ट टक्के

सोमवार, संध्याकाळ. अंबाजोगाई.

आज चौथा दिवस. कॉम्प्युटरचं अपग्रेड एकसष्ट टक्क्यांपर्यंत जातं, मग आपोआप मागं फिरतं आणि पुन्हा जुनीच स्क्रीन. एरवी रविवारी दोन मिनिटं बोलणारी माझी लेक सुमन या एकसष्ट टक्क्यांपायी रोज पुण्याहून फोन करते, तासभर. ती डब्यात काय नेते, ऑफिसात कुणाशी वाजतं, सगळं मला या चार दिवसांतच कळलं.

दुपारी म्हणाली, "आप्पा, मागं काही लावून ठेवलंय का तुमी? असंल तर काढा अन् परत चालू करा. मी सहाला फोन करते."

जुना पेनड्राइव्ह होता. काढला. एकसष्ट ओलांडलं, शंभर झालं. आनंद व्हायला हवा होता ना? मी नुसता खुर्चीत बसून राहिलो. सुमनची आई गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही.

सहाला फोन आला. "झालं का, आप्पा?"

"न्हाई गं. परत अडकलं."

लेकीशी खोटं बोललो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. शनिवारी मीच येते."

आल्या आल्या खरं सांगून टाकायचं.

नको. जेवण झाल्यावर.