वहिनीच्या हातचा स्वेटर

१८ जानेवारी, रविवार

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. मी ठीक आहे. तुम्ही दोघंही मजेत असाल, असं लिहायला हात धजत नाही.

इकडे थंडी मरणाची आहे. घरमालकीणबाईंच्या मांजरीने माझ्या कॉटखाली पिल्लं घातलीत आणि वर माझ्याच अंगावर फिसकारते. म्हणजे खोली कुणाची, हे ठरलेलं आहे. खोकला बरा आहे. तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कामाचा रगाडा होता.

रगाडा वगैरे काही नव्हता.

तुझ्या पत्रात रागाचा एक शब्द नाही. उलट विचारलंयस, "माझ्यामुळे तुला नोकरीत मान खाली घालावी लागली नाही ना?" दादा, ते वाचून मी पत्र उशीखाली लपवलं. एकटी राहते, तरी लपवलं.

सगळं ओळीने लिहिते, नाहीतर पुन्हा मांजरीवर जाईन. तू माझी चेष्टा करायचास, "आपल्या घरात मिशांना पीळ देणारं कुणी नाही, म्हणून ही पाखरांच्या मिशा कापत बसते." पण ते काम मी तुला कधी धड समजावलं नाही. धान्यात होणाऱ्या पाखराची मादी एक वास सोडते. आपल्याला तो येत नाही, नराच्या मिशीला मात्र लगेच कळतो. कापलेली मिशीही काही वेळ जिवंत राहते. तिच्या दोन्ही टोकांना यंत्राच्या तारा जोडायच्या आणि जिथे तपासायचं तिथली हवा नळीतून तिच्यावर सोडायची. हवेत मादीचा वास असला की पडद्यावरची रेघ खाली झुकते, नसला तर सरळ राहते. कीड डोळ्यांना दिसायच्या आधीच कळते.

तू सांभाळतोस त्या धान्याच्या गोदामात पहिली चाचणी घ्यावी, हे साहेबांना मीच सुचवलं. भावासमोर मिरवायचं होतं, दुसरं काय. आधी बाहेर उन्हात तपासलं, रेघ सरळ. आत गारठा होता, म्हणून वहिनीने विणलेला स्वेटर अंगात चढवला. मग ज्या थप्पीशी नळी धरली, तिथे रेघ झुकली. एकही पाखरू दिसत नव्हतं, पण तुझे वरिष्ठ पोत्यांकडे कशाला बघतील? ते पडद्याकडे बघत होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी ऐटीत म्हणाले, "दादा, मिशी खोटं बोलत नाही." आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ही म्हणते म्हणजे असेलच. माझंच दुर्लक्ष झालं असेल."

तेवढ्या बोलण्यावर तुला घरी बसवलं. आता महिनाअखेर नोकरीबरोबर मिळालेली राहती जागाही सोडायची, आणि वहिनी सामान बांधतेय.

दादा, तुझ्या गोदामात कीड नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेत माद्या वेगळ्या काढायचं काम थंड खोलीत चालतं, गारठ्याने पाखरं सुस्त होतात म्हणून. तिथे मी रोज तोच स्वेटर घालते. माद्यांचा वास त्या लोकरीत मुरला होता. तुझ्याकडून परतल्यावर एके दिवशी नुसत्या स्वच्छ हवेवर मिशी तपासत होते. थंडी वाजली, स्वेटर घातला, नळीशी हात नेला, रेघ झुकली. काढला, सरळ. पुन्हा घातला, पुन्हा झुकली. बाहेरची हवा मी स्वेटरशिवाय तपासली होती आणि आतली स्वेटर घालून. कालपरवा कामाला लागलेली मुलगीसुद्धा असं करणार नाही.

चूक तिथे संपली असती तरी चाललं असतं. मी स्वेटर पिशवीत कोंबला, गाठ मारली आणि गप्प बसले. दरम्यान साहेबांनी माझं जाहीर कौतुक केलं. टाळ्या पडल्या आणि मी त्या हसून घेतल्या. मला माझीच लाज वाटते, दादा.

काल एकदाचं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गुपचूप पुन्हा चाचणी घेऊ. निकाल बदलला, एवढंच कळवू. तुझं नाव कशाला खराब करायचं?" खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं. मग आठवलं, तू गुपचूप म्हणाला नव्हतास.

तुझ्या वरिष्ठांना मी स्वतः फोन केलाय. गुरुवारी सकाळी तेच सगळे लोक गोदामात येतील. त्यांच्यासमोर मी मोकळ्या हवेत नळी धरणार आहे, आधी स्वेटरशिवाय, मग तो घालून. तू ये. माझ्या शेजारी उभा राहू नकोस, समोर राहा, म्हणजे मला तुझ्याकडे बघून बोलावं लागेल. माझ्या नोकरीचं काय होईल, ठाऊक नाही.

वहिनीला सांग, तेवढं सामान बांधायचं थांबव. आणि स्वेटर छान उबदार आहे, दोष घालणारीचा.

"माझंच दुर्लक्ष झालं" हे त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं, तू म्हणालास. गुरुवारी ते तुझ्याकडून परत न्यायला येतेय.

तोंड दाखवायची लाज वाटते, तरी येणारी,
तुझी
नकटी