आबांच्या ओव्यांची वारस

भिगवण, १७ मे १९९६

प्रिय नकोशी,

पत्र बघून म्हणशील, ह्याला आत्ता आठवण झाली. सध्या भिगवणला एका खानावळीत मासळी साफ करतो. त्याआधी वडगावात ट्रॅक्टर चालवला, पण मालकाशी बिनसलं. ते राहू दे, तुझ्या आबांच्या ओव्यांचं सांगायचंय.

तुझं लग्न झाल्यावर दोन वर्षं मेंढरांमागं फिरताना आबा सांगायचे आणि मी वहीत उतरवायचो. सगळ्या त्यांनीच रचलेल्या. गाताना ते पुढं, मी मागं झील धरायला. त्यांची ओळ संपली की तीच उचलून म्हणायची. आबा गेले, वह्या माझ्याकडं राहिल्या. पाडव्याला बारामतीच्या एका छापखान्यात नेल्या. मालकानं फॉर्म काढला, विचारलं, "रचणाऱ्याचा वारस कोण?" मी म्हटलं, "पोरगा न्हाय त्यांना." त्यानं 'वारस नाही' लिहिलं, मी सही ठोकली. वारसच नाही म्हटल्यावर लेखक म्हणून नाव माझं. तू तेव्हा मनातसुद्धा आली नाहीस, खोटं कशाला सांगू.

मग सहज पळसदेवला गेलो. धरणाचं पाणी उतरून बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलंय. भर दुपार, चिटपाखरू नाही. आबांची ओवी म्हटली आणि शेवटी त्यांच्या नावाच्या जागी माझं घातलं, "बिरू म्हणे". मागनं कुणीतरी झील धरली. आबांचाच आवाज, खोकल्यासकट. ओळ जशीच्या तशी, नाव तेवढं बदललेलं. "नकोशीचा बाप म्हणे." वळून पाहिलं, तर ओल्या गाळात पावलं फक्त माझीच.

इंदापूरच्या एका वकिलाला गाठलं. आवाजाचं काही बोललो नाही. तो हसला, "लिहून घेणारा मालक होत न्हाय, गड्या. माणूस मेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांचा. आन् पोरगी वारस नसती व्हय?" साठ वर्षं! तोवर आबा माझ्या पाठीमागं उभे राहणार, एवढंच माझ्या डोक्यात.

आता पत्राचं खरं कारण. छपाई थांबवलीय. सोबत नवा कागद आहे, त्यात वारस म्हणून तुझं नाव. सही केलीस तर पुस्तक आबांच्या नावानं निघेल. नाही केलीस तर वह्या तुझ्या दारात आणून देतो. काल कागद भरून पुन्हा देवळात गेलो, ओवी आबांच्या नावानं म्हटली. मागं कुणीच झील धरली नाही. बराच वेळ थांबलो. तिथं ते आता नाहीत, नकोशी. तुझ्याकडंच निघाले असतील. घाबरू नको. पाठीमागनं ओळ ऐकू आली, तर पुढची तू म्हण.

तुझ्या आबांचा झीलकरी,
तुझाच बिरू