काचेतल्या वाती

अहो, ऐकताय ना?

आज अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आलंय. हसू नका. तुमच्या कॅरॅव्हॅनमध्ये, तुमच्याच घडीच्या टेबलाशी बसून लिहितेय. समोर बशीत तीन वाती आहेत. ओल्या, करड्या पडलेल्या. मघाशी त्या तुमच्या खिडकीतून निघाल्या. माझ्या वाती, तुमच्या खिडकीतून! हे सांगू तरी कुणाला? तुम्हालाच सांगते.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. गाडी बिल्डिंगखाली नुसती उभी. मला काही ती चालवता येत नाही, म्हणून विकायचं ठरवलं. रागावलात? काल बंगळुरातल्याच एचएसआर लेआउटहून श्वेता नावाची मुलगी बघायला आली होती. पुण्याची. ओटा पाहिला, पलंग उघडून पाहिला, खूश झाली. मग खिडकीपाशी थबकली.

"काकू, गाडी एकदम क्यूट आहे हो, पण विंडोजच्या आत फॉग धरलाय. क्लिअर होत असेल तर आम्ही फायनल करतो."

पाहते तर खरंच. तिन्ही खिडक्यांना मोतीबिंदू झालेला! मी बाहेरून पुसलं, आतून पुसलं, व्हिनेगर लावलं, वर्तमानपत्रानं घासलं. धुकं जागचं हलेना. मग लक्षात आलं, पाणी दोन काचांच्या मधे आहे. तिथं फडकं पोचणार कसं? (हो, ठाऊक आहे, "तिला काच म्हणू नये, ॲक्रिलिक आहे ते." आता तरी काच म्हणू द्या मला.)

आठवतं, या खिडक्यांसाठी तुम्ही किती हट्ट केला होतात? साध्या काचेवर कूर्गच्या थंडीत घाम येतो, म्हणून दुहेरी हव्यात. गाडी बांधून देणाऱ्या बोम्मसंद्र्याच्या फॅब्रिकेटरला तुम्ही तीनदा माप बदलायला लावलंत. आणि पहिल्याच सहलीत, मी सकाळी चहा टाकला, तर दोन काचांच्या मधेच दव! तुमचा चेहरा असा झाला होता, जसं दवानं तुमच्या नोकरीचा अपमान केलाय. सरकारी संशोधनात जन्म घालवलेला माणूस, आणि चहाच्या वाफेनं हरवला.

पुढे ते दव दिसेनासं झालं. "कसं घालवलंत?" विचारलं, तर म्हणालात, "तंत्र असतं एकेक."

तंत्र!

आज सकाळी त्या फॅब्रिकेटरला फोन लावला. म्हणाला, "अम्मा, पोंछने से नहीं जाएगा. नीचे कोने में छोटा रबर का बूच है, वो निकालो, धूप में खुला छोड़ो." मी सातवी शिकलेली बाई. पण शिवणयंत्र उघडून जोडलंय मी, बूच काय चीज आहे? चष्मा लावला, केसातली पिन काढली, कोपऱ्यात हरभऱ्याएवढं बूच सापडलं. ओढलं.

बुचाबरोबर वात आली.

मला आधी वाटलं, अळी आहे. किंचाळलेच! मग बोटांत धरली, आणि बोटांनी ओळखली. माझा पीळ आहे तो. टोकाशी मी देते तसा उलटा वळसा. दुसऱ्या खिडकीत वात. तिसऱ्यात वात. काचेतलं पाणी वातीनं ओढून घ्यायचं, दिवा तेल ओढतो तसं! तुम्ही गेल्यावर वाती बदलायला कुणी उरलं नाही, म्हणून धुकं परत आलं. डोकं चाललं हो तुमचं, नाही म्हणत नाही.

मग तुमची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी बिस्किटांचा डबा. त्यात लाल दोऱ्यानं बांधलेल्या सहा जुड्या, आणि सातवी अर्धी. डब्यावर तुमच्या त्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: "कापूस. खिडकीकरिता. हात लावू नये."

हात लावू नये! माझ्याच वातींना!

जुड्या मी तीनदा मोजल्या. वातींसाठी नव्हे हो. त्या सात जुड्यांसाठी मी काय केलं, ते तुम्ही पाहिलंय.

लक्षवातीचं व्रत मी एकटीनं धरलं, पण वाती वळायला वरच्या मजल्यावरची शारदाक्का रोज दुपारी यायची. स्वतःच्या कामासारखी यायची. पिढ्यान्पिढ्या बंगळुरात राहिलेल्या घरातली ती. तिची ती कन्नड मिसळलेली मराठी आणि तिची कॉफी. मी जे. पी. नगरात नवी आले, तेव्हा मला भाजीवाल्याशी बोलायला शिकवलं तिनं. आणि जुड्या कमी भरल्या, तेव्हा मी काय म्हटलं? "घरात आपण तिघंच. ज्याला हव्या होत्या त्यानं मागून न्यायच्या."

तिघंच! त्यात तिसरे तुम्ही होतात, खुर्चीत, कॉफीचा पेला हातात धरून.

शारदाक्काच्या मांडीवरचा कापूस तसाच राहिला. "कुमुद, देवाच्या वाती मी नेईन? सरी, ठीक आहे. उद्यापासून मी येत नाही." चपला घातल्या आणि गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

आणि तुम्ही? पेला ठेवलात आणि खाली गाडीकडे गेलात. संध्याकाळी म्हणालात, "जाऊ दे गं, वाती काय, परत वळता येतील." मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माझा नवरा! एक शब्द, अहो. "मी घेतल्या" एवढं म्हणायला काय झालं होतं? देवाचा माल उचलला म्हणून मी ओरडले असते, दोन दिवस आमटीत मीठ कमी पडलं असतं. मेलं तर नसतं कुणी!

जायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही दोनदा म्हणालात, "शारदाक्काला एकदा बोलाव ना." मीच फटकारलं, "तिचं नाव काढू नका." तेव्हा सांगणार होतात का? कढ आला होता का तुम्हाला? आता कोण सांगणार मला!

तुम्ही गेलात त्या दिवशी ती आली होती. दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून. मी पाहिलं आणि मान वळवली. तिनं पाच मिनिटं वाट पाहिली असेल. मग जिना चढून गेली. हे तुम्ही पाहिलं नाहीत. हे सगळं माझं आहे.

कितीदा वाटलं, आज तुमच्यावर चिडावं. थोडी चिडलेही, त्या डब्याला एक चापट मारली. पण वाती तुम्ही घेतल्यात, जीभ माझी चालली.

बुचं काढून दोन तास झाले. ऊन खिडकीवर आलंय. धुकं कडांकडे मागे सरतंय, मधोमध हाताएवढं स्वच्छ झालंय. त्यातून जिना दिसतो.

श्वेताला सांगेन, खिडक्या निवळल्या, पण थोडं थांब. आधी एक काम आहे.

तुम्हाला शब्द देते. हे पत्र संपवून मी तो जिना चढणार. डबा तुमच्या चिठ्ठीसकट नेणार. पण "यांनी घेतल्या होत्या" एवढं सांगून सुटणार नाही. मेलेल्या माणसाच्या पाठीमागे लपणं सोपं असतं. आधी म्हणेन, "अक्का, मी तुला चोर म्हटलं." मग डबा उघडेन. तिनं दार लावलं तर पायरीवर बसेन. उद्याही बसेन. आणि उरलेल्या वाती तिच्याशिवाय वळणार नाही, व्रत राहिलं तर राहिलं.

तुमचीच, अजून रागावलेली,
कुमुद